बाळासाठी काहीच आणलं नव्हतं

पहिल्या खेपेला सासूबाईंनी सहाव्या महिन्यातच जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली होती. नवऱ्याने श्रीरामपूरहून पाळणा आणला. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला तीच दुपटी पुन्हा उन्हात घातली आणि पुन्हा पेटीत गेली. तिसऱ्या खेपेनंतर नवऱ्याने पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

चौथ्यांदा दिवस राहिले तेव्हा घरात त्याबद्दल कुणी बोलायचंच नाही. माझी आई पाथर्डीहून एसटीने बेलापूरला आमच्या घरी आली, तीही रिकाम्या हाताने. चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, "प्रार्थनेत हिचं नाव घेऊ का?"

"नका घेऊ," सासूबाई म्हणाल्या. "मागल्या टायमाला घेतलं हुतं."

दिवस भरले, कळा आल्या. हॉस्पिटलात मी बाळाच्या रडण्याची वाट पाहत नव्हते. घरी कधी सोडतील, एवढंच डोक्यात होतं. आणि मुलगी रडली. नर्सने दार उघडून बाळाचे कपडे मागितले. कुणीच काही आणलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी अंगावरची शाल काढून दिली.

मला भेटायला आत आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरगी धडधाकट हाय." पण त्या हसल्या नाहीत. मीही नाही. बाप्तिस्मा आज करू, उद्या करू म्हणत ती चालायला लागल्यावर झाला.

ती आता बारावीला आहे. साध्या सर्दीतापापलीकडे कधी आजारी पडली नाही. तरी तिच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट निघाली की माझ्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. तिचं लग्न, नोकरी दूरच, येता नाताळही दिसत नाही. बाकीच्या आया मुलींना वाढत्या अंगाचे कपडे घेतात. मी नेहमी मापाचेच घेतले. लहानपणी ती म्हणायची, "मी मोठी झाल्यावर नर्स होणार." मी म्हणायचे, "बघू." पुढेपुढे तिने ते म्हणणं सोडलं.

परवा जेवताना नवरा तिला म्हणाला, "नर्सिंगचं पुण्यात काही आहे का, चौकशी करू?"

ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "नको पप्पा. आधीपासून कशाला काही ठरवायचं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ते बोलणं माझं होतं, सूरसुद्धा माझाच. जे माझ्यावर गुदरलं त्यातलं तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, तरी ते तिच्यात उतरलं होतं. त्या वेळी मी तिला जा म्हणायला हवं होतं, निदान रागवायला तरी हवं होतं. पण मला आधी हायसं वाटलं, की ही आता कुठे जात नाही. मी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. ती नको म्हणाली नाही.