चावी गावात राहिली

आमच्या आचऱ्यात दर काही वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवाचा कौल मिळाला की अख्खा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या-कुत्रीही जातात. त्या तीन दिवसांत गावात कोणी पाऊल टाकायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. लग्न होऊन आल्यावर मला याची मोठी गंमत वाटायची. वेशीबाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या, एकत्र जेवणं, फुगड्या, भजनं. ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी मात्र मला फुगडीला हात द्यायलाही कोणी दिसलं नाही, कारण मी कोणाच्या तोंडाकडे बघतच नव्हते.

माझा उद्योग तेव्हा गावात चेष्टेचा विषय होता. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसता कचरा दिसायचा. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि ओपन सोर्स म्हणून नेटवर ठेवला होता. कोणीही फुकट घ्यावा, आत काय आहे ते बघावं, दुरुस्त्या सुचवाव्यात. कुठली दुरुस्ती घ्यायची, नवी आवृत्ती कधी काढायची, हे मी ठरवायचं. रोज सकाळी डायल-अपची किरकिर संपली की वीस-पंचवीस पत्रं यायची. निम्मी पत्रं 'चालत नाही, लगेच बघा' एवढीच. लगेच बघा म्हणे, जसं काही मी त्यांच्या पगारावर होते. सासऱ्यांना कोणी विचारलं की सून दिवसभर काय करते, तर ते म्हणायचे, "फुकट करता, पण दिवसभर करता."

त्या पत्रांत एक पत्र वेगळं असायचं. विदर्भातले एक निवृत्त गुरुजी लिहायचे. त्यांच्या बायकोने गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. ती गेल्यावर त्यांनी एकेक वही टाइप केली, आणि मग वह्यांना वाळवी लागली. राहिल्या त्या संगणकातल्या फायली, जुन्या फॉन्टमधल्या. माझ्या नव्या आवृत्तीची ते वाट बघत होते. आधी सगळ्याची प्रत करून ठेवायला हवी का, असं त्यांनी विचारलं होतं. मी घाईत होते. मी लिहिलं, प्रत ठेवायची गरज नाही, मूळ फाईलला हात लागत नाही.

गावपळणीच्या दिवशी दुपारी निघायचं होतं. तीन दिवस काम लोंबकळत ठेवणं माझ्या स्वभावात नाही. सासूबाई भांडी बांधत होत्या आणि मी नवी आवृत्ती नेटवर चढवत होते. नौबत वाजली तेव्हा मी शेवटचं बटण दाबून उठले. घराला सासऱ्यांनी कुलूप लावलं नाही, नुसती कडी घातली. आत येणार कोण?

संध्याकाळी झोपडीसमोर भात शिजत होता. सासूबाईंनी सहज विचारलं, गॅस बंद केलास ना. मग मी मनातल्या मनात घरभर फिरले. गॅस बंद, विहिरीवरचा पंप बंद, मागचं दार बंद, संगणक बंद. आणि तिथे मी अडले. एकच फाईल पन्नास वेळा चालवून बघताना डिस्क भरू नये म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली होती. रूपांतर झालं की मूळ फाईल पुसून टाक, अशी. चाचणी संपली की ती काढायची होती. ती मी काढली नव्हती. आणि रूपांतरात काही फॉन्टची जोडाक्षरं अजून गळतच होती. मूळ फाईल हातात असेल तर पुन्हा चालवता येतं. नसेल तर गळालं ते गेलंच.

नेटवरून ती आवृत्ती काढून टाकायला एक चावी लागायची. चावी म्हणजे संगणकातलीच एक फाईल. ती फक्त माझ्या घरच्या संगणकात होती. नाशिककडचे एक गृहस्थ दोन वर्षं मला दुरुस्त्या पाठवत होते, माझ्याहून शिस्तीचं काम करणारे. आपल्याकडेही एक चावी असावी असं त्यांनी दोनदा सुचवलं होतं. चावी म्हणजे काही वाटायचा प्रसाद नाही, असं मी त्यांना लिहिलं होतं. ते वाक्य तेव्हा मला फार खमंग वाटलं होतं.

मालवणचा सायबर कॅफे एव्हाना बंद झालेला असणार. मी उठले आणि सरळ वेशीकडे चालायला लागले. आमचं घर वेशीपासून दहा मिनिटांवर. सासरे तिथेच म्हैस बांधत होते. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, ओव्यांचंसुद्धा. दहा मिनिटं आत जाऊन येते, कोणाला कळणार नाही, म्हटलं.

ते ओरडले नाहीत. म्हशीचं दावं ओढून बघितलं आणि म्हणाले, "जा. पण परत येवन ह्या माणसांका काय सांगशीत?"

मी वेशीपलीकडे बघितलं. समोर आमचा रस्ता, त्याच्यावर एक दिवा नाही. सगळा गाव नुसत्या कड्या घालून पडलेला.

"आमी अख्खो गाव देवाच्या भरवशार टाकून इलंव," ते म्हणाले. "तुका एक चावी दुसऱ्याकडे देवक जमला नाय?"

राग आला, त्यांचा नाही, माझाच. मी परत फिरले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी नवऱ्याने स्कूटरवरून मालवणला सोडलं. कॅफे उघडेपर्यंत मी पायरीवर बसून होते. गुरुजींचं पत्र येऊन पडलं होतं. नवी आवृत्ती मिळाली, उद्या सकाळी पुतण्याला घेऊन सगळ्या फायलींचं काम उरकतो, आशीर्वाद. ती उद्याची सकाळ म्हणजे हीच. गुरुजींचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. मला वेळ नाही म्हणून त्यांच्या बारीकसारीक शंका मीच नाशिकच्या गृहस्थांकडे ढकलल्या होत्या. गुरुजींचा नंबर त्यांच्याकडे असणार, आणि या गृहस्थांचा स्वतःचा नंबर त्यांच्या प्रत्येक पत्राखाली असायचा.

शेजारच्या एसटीडी बूथवरून नाशिकला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकत होते. मी म्हटलं, "माझ्याकडून फार मोठी चूक झालीय." काय झालं ते सांगितलं. प्रसादाची आठवण त्यांनी काढली नाही. आधी गुरुजींना फोन करतो, म्हणाले, आणि फोन ठेवला.

तासभर मी त्या बूथबाहेर फेऱ्या मारल्या. बूथवाल्याने दोनदा पाणी विचारलं. पुन्हा फोन लावला तेव्हा कळलं की गुरुजींचा फोन बराच वेळ लागत नव्हता, शेवटी पुतण्याने उचलला. सात फायली होऊन गेल्या होत्या. बाकीच्या वाचल्या. नाशिकच्या गृहस्थांनी जुनी आवृत्ती नेटवरच्या स्वतःच्या जागेवर ठेवली आणि सगळ्यांना सावध करणारं पत्र लिहिलं. चूक कोणाची ते त्यात त्यांनी लिहिलं नव्हतं. मी कॅफेत परत जाऊन ते त्याखाली लिहिलं.

चौथ्या दिवशी कौल घेऊन गाव परतला. कडी होती तशीच होती. सासूबाई केरसुणी शोधत होत्या, तोवर मी संगणक लावला. आधी ती आवृत्ती नेटवरून हटवली, मग दुसरी चावी तयार करून नाशिकला पाठवली. सासरे दारात उभे राहून बघत होते. झालं का, एवढंच त्यांनी विचारलं. झालं, म्हटलं.

गुरुजींना मी चार-पाच वेळा लिहून खोडलं आणि शेवटी दोन ओळींची माफी पाठवली. आठवड्याने उत्तर आलं. त्या सात फायलींतल्या ज्या ओव्या पाठ आहेत त्या पुन्हा लिहायला घेतल्या आहेत, म्हणाले. बाकीच्या ज्यांनी सांगितल्या त्या बायका आता राहिल्या नाहीत. पुढे लिहिलं होतं, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. प्रत ठेवायची गरज नाही असं तुमचं जे पत्र होतं, ते मी पुसून टाकलं आहे. उद्या कोणाच्या हाती लागून तुम्हाला बोल लागायला नको.

त्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे.