ओव्हनमध्ये भाजलेली रायफल

हेल्मीबाईंचा आर्व्हिड पन्नाशीला टेकला, तरी अक्कल अजून वाटेतच होती. यंदा त्याने रशियन सैन्याची मोडीत निघालेली एक जुनी रायफल विकत आणली. गंज लागू नये म्हणून सैन्याने चोपडलेलं, लाकडी दस्त्यात मुरलेलं ग्रीस वितळवायला त्याने तो दस्ता थेट आईच्या ओव्हनमध्ये ठेवला. आठवडाभर घरातल्या पावाला तोफखान्याचा वास येत होता. मग घासणं झालं, तेल पाजणं झालं, रायफल नवरीसारखी नटली. बाईंना मात्र एकच धास्ती होती: हे धूड याच्या तोंडावरच फुटलं तर?

“अरे, आधी कागदावर चार गोळ्या झाडून बघ.”

“आई, हरणं काय कागदाची असतात?”

हंगामाच्या पहिल्या सकाळी मिशिगनच्या जंगलात हरीण अगदी हाकेच्या अंतरावर उभं राहिलं. बार झाला आणि गोळी त्याच्या पाठीवरून निघून गेली. सैन्याने ती रायफल लांबच्या शत्रूसाठी बेतलेली. जवळच्या सावजावर झाडली की गोळी वरून जाते. कागदाने हे आधीच सांगितलं असतं.

ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कापून मुक्कामाच्या झोपडीच्या भिंतीला ठोकायचा, अशी तिकडच्या शिकाऱ्यांची रीत. आर्व्हिड घरी आला तो पाठीमागून अर्धा उघडाच.

बाईंनी आधी त्याचे डोळे पाहिले, मग बोटं. सगळं जागेवर होतं. तेव्हा कुठे त्यांचा आवाज चढला.

“बापाचा लोकरी शर्ट घालवलास ना, मोठा शिकारी! उद्या कागद घेऊन जा. आणि त्याआधी माझा ओव्हन घास!”