शेलारांच्या खाणीतली बोट

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तीन माणसं दर रविवारी सकाळी एका पाण्याच्या काठावर उभी राहिली की ते आपोआप साठतात, गाळासारखे. चौथा कुणी भेटला की आम्ही तिघं एकदमच सांगायला लागतो, आणि मग एकही पुरा होत नाही. म्हणून या वेळी मी एकटाच सांगतो. मध्ये बोलायला आपटे काका नाहीत, हे एक सुख.

तिघं म्हणजे मी, आपटे काका आणि शेलार भाऊ. मी हॉलंडला पाच वर्षं पाण्याचं शास्त्र शिकून पुण्यात परत आलो, तो इथली तळी, ओढे, विहिरी वाचवायच्या असं ठरवूनच. येताना बॅगेत कपडे कमी आणि रिमोटवर चालणारी एक बोट होती. दोन फूट लांब, लाल-पांढरी, खोक्यावर 'रेडी टू रन' लिहिलेलं. आपटे काका आमचे शेजारी, शाळेच्या प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "पाणी शिकायला हॉलंडला गेलात? आमच्याकडे ते दिवसाआड येतं. तेवढ्यात आम्ही शिकलो."

शेलार भाऊ धायरीचे. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पहारीनं दगड काढून काढून जी खाण केली, तिच्यात आता पाणी आहे. खाणीच्या पाझरावर शेजारची विहीर, आणि विहिरीवर भाऊंची मेथी-कोथिंबीर. बोट सोडायला कुणी न हटकणारं पाणी आम्हाला तेवढंच सापडलं. आणि आम्ही तिथे जायला लागलो त्याच सुमाराला भाऊंच्या थोरल्या भावानं ती जागा एका बिल्डरला दाखवली. खाण बुजवायची, वर इमारत उभी करायची.

"खाण बुजली की हीर आटली," भाऊ आम्हाला म्हणाले. थोरल्यांना मात्र ते हे कधीच म्हणाले नाहीत. त्यांच्या घरात थोरला बोलला की धाकटा मान खाली घालतो. धाकट्याला स्वतःची नातवंडं असली तरी.

तेव्हा पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या, की प्रत्येक रविवारी आमच्या मनात एकच धास्ती असायची : पुढच्या रविवारी ही खाण इथे असेल का?

*

पहिल्या रविवारी बोट पाण्यात सोडून मी काठावर छोटंसं भाषण केलं. याच बोटीनं आपण पुण्यातल्या प्रत्येक तळ्याचं पाणी तपासू, वगैरे. भाषण संपेपर्यंत बोट मागच्या बाजूनं बुडायला लागली होती.

आत शिरलेलं पाणी काढून टाकण्यासाठी अशा बोटीला मागे एक भोक असतं. त्याला रबरी बूच असतं. ते माझ्या खिशात होतं.

बोटीच्या नाकात कंपनीनं थर्माकोल भरला होता, म्हणून नाक तेवढं वर राहिलं. भाऊ ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसले, हातानं पाणी मारत गेले आणि बोटीला मांजराच्या पिल्लासारखं उचलून घेऊन आले.

काकांनी तळहात पुढे केला. "आणा इकडे. शाळेत ॲसिडच्या कपाटाची किल्लीसुद्धा मी मुलांकडे देत नसे."

तेव्हापासून बूच काकांच्या शर्टाच्या खिशात. बोट सोडण्याआधी ते स्वतः बसवणार आणि विचारणार, "बूच?" मी अंगठ्यानं चाचपायचं आणि म्हणायचं, "आहे." त्याशिवाय बोट पाण्याला लागायची नाही.

*

मग सुधारणा सुरू झाल्या. वरच्या झाकणातून पाणी झिरपायचं. मी टेप लावून पाहिली, ग्रीस लावून पाहिलं. काकांनी एका रविवारी पिशवीतून एक रबरी रिंग काढली, मापानं कापली आणि झाकणाला बसवली. थेंब आत जाईना. मी भारावून गेलो. आपल्या माणसांकडे केवढी उपजत बुद्धी आहे, असं काहीतरी म्हणालोसुद्धा.

साडेअकराला काकांचा फोन वाजला. काकूंचा आवाज आम्हाला काठावर स्पष्ट ऐकू आला. कुकरची रिंग सापडत नाही म्हणून त्यांनी सगळी फळी उपसली होती. काकांनी शेवटी खरं सांगितलं.

मग काकू म्हणाल्या, "बरं झालं. आता भातही बोटीतच लावा."

*

बोटीला आणखी वेग हवा म्हणून मी मोठी बॅटरी मागवली. ती मावेना, म्हणून नाकातला थर्माकोल काढून टाकला. पंखाही बदलला. काका शांतपणे बघत होते. "तयार म्हणून घेतली होती ना? मग गेले चार महिने तुम्ही नेमकं काय करताय?"

नव्या बॅटरीवर बोट अशी सुटली की मला वळवायला सुचलंच नाही. समोर भाऊंची म्हैस पाठ आणि मान तेवढी वर ठेवून पाण्यात बसलेली. बोट सरळ तिच्या पाठीवर चढली आणि तिथेच पंखा गरगरवत बसून राहिली. म्हशीनं मान वळवून एकदा पाहिलं आणि रवंथ पुढे चालू ठेवला.

मी काठावरून ओरडत होतो. भाऊ म्हणाले, "इंजिनेर, जरा तिच्याकडं बगा. जिच्या पाठीव बसलीय ती कायतरी बोलतीय का?"

*

भाऊंना रिमोट दिला तेव्हाची गोष्ट. बोट लांब जात होती तोवर ठीक. ती आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, आणि तिथे भलेभले चुकतात. भाऊ दोनदा चुकले, दोनदा बोट काठावरच्या गवतात घुसली. तिसऱ्यांदा बोट वळताच ते स्वतःच वळले. पाण्याकडे पाठ करून उभे राहिले, मान मागे वळवून खांद्यावरून बघत बोट नेमकी काकांच्या पायाशी आणून लावली.

मी त्यांना समजावणार होतो. काकांनी मला थांबवलं. "राहू द्या. ज्याची बोट काठाला लागते त्याला शिकवू नये."

*

उन्हाळ्यात भाऊंची बादली विहिरीत पडली. त्यांनी दोराला गळ बांधला, म्हणजे बुडालेली भांडी काढायचा लोखंडी आकड्यांचा झुबका, आणि दोर सोडायला लागले. दोन्ही हात पसरले की एक परस, साधारण सहा फूट, असं त्यांचं माप. मला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मी मोजले, पाच परस. वहीत लिहिलेसुद्धा.

बादली वर आली. भाऊंनी दोराचं चिखलानं माखलेलं टोक माझ्यासमोर धरलं. "ह्यो बगा, दीड परस खाली चिखलात लोळलाय. गळ टेकला तरी आपण सोडत ऱ्हायलो की दोर जातुयाच. चिखलाचा दोर मोजायचा न्हाई."

मी पाच खोडून साडेतीन केले. काकांनी विचारलं, "हॉलंडला चिखल नसतो का हो?"

*

आता शेवटचा.

बिल्डरचे साहेब खाण बघायला आले. थोरले त्यांच्याबरोबर, भाऊ दहा पावलं मागे. साहेबांच्या मनात दोन जागा होत्या, ही आणि कात्रजकडची एक. खाण उथळ असेल तर ही घेणार, फार खोल असेल तर भराव परवडणार नाही, मग ती दुसरी. धायरीत जुनी माणसं सांगायची, शेलारांच्या खाणीला तळच नाही. मला स्फुरण चढलं. मी पुढे होऊन म्हणालो, "मी मोजून देतो. पुढच्या रविवारी, तुमच्या डोळ्यांसमोर. आकडा खोटं बोलत नाही."

साहेबांना ते पटलं. मासेमारीवाले वापरतात ते यंत्र मी बोटीच्या बुडाला बसवलं. ते पाण्यात आवाज सोडतं आणि तळ किती खाली आहे ते फोनवर दाखवतं. शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघांनीच आधी मोजून पाहिलं. "बूच?" "आहे." बोटीनं अख्खी खाण पालथी घातली.

सगळ्यात खोल जागी तेरा फूट.

मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तेरा फूट.

"ल्हानपणी मला तळ लागायचा न्हाई," भाऊ हळूच म्हणाले.

"तेव्हा तुम्ही केवढे होतात?" काका म्हणाले. पण त्यात नेहमीची धार नव्हती. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "उद्या साहेबांनाही हेच सांगणार?"

"आकडा आहे काका. मी तो बदलू शकत नाही."

भाऊ विहिरीकडे बघत होते. काकांनी बोटीतलं पाणी काढलं, बूच खिशात टाकलं आणि "चला" एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुण्यातलं पाणी वाचवायला आलो होतो, आणि पहिलं पाणी माझ्याच हातानं बुजणार होतं.

रविवारी सगळे वेळेवर हजर. साहेब सावलीत उभे, शेजारी थोरले. काकांनी बोट माझ्या हातात दिली. मी ती पाण्यात ठेवली, रिमोटची काठी पुढे ढकलली आणि खाणीच्या मध्यावर नेऊन थांबवली. फोन साहेबांसमोर धरला. पडद्यावर वर्तुळ फिरत होतं. आकडा काही येईना.

साहेब म्हणाले, "बोट कुठाय?"

मी वर पाहिलं. लाल-पांढरं नाक आभाळाकडे होतं. मग तेही नव्हतं. आणि आता त्या नाकात थर्माकोलही नव्हता.

कुणी काही बोलायच्या आत भाऊ ट्यूबवर बसले. खांद्यावर दोराचं वेटोळं, हातात गळ. मध्यावर जाऊन त्यांनी गळ सोडला आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक परस. दोन परस. तीन. दोर जात होता. साहेबांनी टेकायला धरलेली फांदी सोडली. पाच. सहा. भाऊंचा आवाज एकसुरी, बाजारात जुड्या मोजाव्यात तसा. नऊ. दहा. अकरा.

"अकरा परस, दोर संपला," भाऊ तिथूनच म्हणाले. "घरात दुसरा हाय. आणू का?"

साहेबांनी बोटांवर काहीतरी जुळवलं आणि नको म्हणून हात केला. थोरल्यांना ते म्हणाले की खाण छान आहे, कात्रजची जागा एकदा नीट बघून कळवतो. गाडी धूळ उडवत गेली.

थोरले पाण्याच्या कडेला आले. मग म्हणाले, "अकरा परस. आबांनी एकट्यानं खणली ही. लई खोल हाय म्हून सांगायचे मला, मी हसण्यावारी न्यायचो." डोळे पुसून ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आबांची हाय, ऱ्हाऊ दे." आणि घराकडे गेले.

मी काठावर मटकन बसलो आणि किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. भाऊ परतले, दोर काठावर टाकून चहा सांगायला गेले. मी तो गुंडाळायला घेतला. वरचा दोन परस दोर ओला, पण नितळ. त्याखालचा नऊ परस चिखलानं माखलेला.

मी इकडे तिकडे पाहिलं. मेथीला पाणी नेणाऱ्या पाटावर गेलो आणि सगळा दोर स्वच्छ धुऊन काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी नाक धरून बुडी मारली आणि बोट हातात घेऊनच वर आले. मी ती उलटी केली. मागच्या भोकातून पाणी बाहेर पडत राहिलं. भोक मोकळं होतं.

काकांनी शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, रबरी बूच काढलं, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि नीट दाबून बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बूच?"

मी अंगठ्यानं चाचपलं.

"आहे."