गोदाबाईंनी मागितलेला दाखला

जालन्याच्या गाडीची वाट पाहत देऊळगाव राजाच्या स्टँडवर उभा होतो. साखरखेर्ड्याकडून आलेल्या गाडीतून माझ्या जुन्या नोकरीच्या गावचा एक शेतकरी उतरला. मला पाहून त्यानं गाठोडं खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "गुरुजी, गोदामाय गेली. येत्या गुरुवारी तीन आठवडे होतीन. तुमाले कोनी कळवलं नाही वाटते." कळवलं नव्हतं. जालन्याची गाडी लागली, भरली आणि निघून गेली... मी तिथंच बाकावर बसून राहिलो.

गोदाबाईंची आणि माझी ओळख माझ्या चुकीपासून सुरू झाली. महाराष्ट्र राज्य होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांचा, ट्रेनिंग संपवून नुकताच लागलेला, आणि साखरखेर्ड्यापलीकडच्या त्या खेड्यातल्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे. वर्गात चंदा नावाची मुलगी होती. नऊ वर्षांची, अंगानं थोराड, पहिलीतलं तिसरं वर्ष. पाटीवर एक अक्षर तिच्याकडून उमटत नसे. काही विचारलं की माझ्या तोंडाकडं बघत राही, दुसऱ्यांदा विचारलं की रडे. गोदाबाई तिची आई. सहा एकर कोरडवाहू, नवरा किसनराव साधा, अबोल माणूस. शेतावर जाताना त्या रोज चंदाला हाताला धरून शाळेत आणून सोडत. एके दिवशी हेडमास्तर मला म्हणाले, साहेब तपासणीला आले की या मुलीवरून बोलणी बसतात, नाव कमी करून टाका. ते सांगायचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते, कसं कोण जाणे, भर वर्गात दारात उभं राहून केलं. म्हणालो, "बाई, हिच्या डोक्यात काही शिरणार नाही. उद्यापासून घरीच ठेवा."

मुलं हसली. चंदासुद्धा हसली, सगळे हसतात म्हणून. गोदाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, "कोनं तपासलं तिले?"

मी चंदाची कोरी पाटी दाखवली. त्या म्हणाल्या, "बैल घेतो त दात पायतो आमी. तुमी माह्या लेकीचं काय पाह्यलं? शिकत नाही म्हन्ता, त तपासून तसं कागदावर लिहून द्या. तोंडचं मी आयकत नाही."

त्या वाक्यानं मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. रविवारी देऊळगावला घरी गेलो तेव्हा तिथल्या सरकारी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औरंगाबादला एक बाई आहेत, मुलांची बुद्धी तपासण्याचं शिक्षण घेऊन आलेल्या, त्यांच्याकडं न्या. त्यांनी चिठ्ठी दिली. पुढच्या आठवड्यात मी, गोदाबाई आणि चंदा असे तिघं निघालो. किसनराव फाट्यापर्यंत आले आणि गाडी हलेपर्यंत चंदाचा हात खिडकीतून धरून उभे राहिले. आपली पोर तपासायला नेतात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते धड ठाऊक नव्हतं.

त्या तपासणाऱ्या बाई पुण्याकडच्या. बारीक चणीच्या, हातात घड्याळ, बोलणं मऊ. त्यांनी चंदापुढं लाकडी पाट ठेवला. त्यात गोल, चौकोन, चांदणी असे आकार कोरलेले, आणि त्या-त्या खाचेत बसणारे तुकडे वेगळे. चंदानं ते हळूहळू बसवले. चांदणी काही बसेना, ती उलटीसुलटी फिरवत राहिली, पण सोडली नाही. मग बाईंनी विचारलं, "बाळ, तुला तहान लागल्यावर तू काय करतेस?" चंदा गप्प. "थंडी वाजल्यावर काय पांघरतेस?" चंदा गप्प. बाई कागदावर खुणा करत होत्या आणि प्रत्येक खुणेला गोदाबाईंची मान खाली जात होती. पाचव्या की सहाव्या खुणेला त्या उठून उभ्या राहिल्या.

"बाई, तिले तुमची बोली समजून नाही राह्यली. मी इचारू काय?"

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुम्ही उत्तर सुचवाल."

"मी नाही इचारत मंग. गुरुजीले इचारू द्या. ते काई तिच्या बाजूचे नाहीत."

त्यात टोमणा नव्हता, माहिती होती. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "प्रश्न तोच ठेवायचा. एक शब्द जास्त नाही." मी चंदासमोर उकिडवा बसलो. "चंदे, तान लागली त काय करशीन?" ती लगेच म्हणाली, "रांजनातलं पानी पेईन." "अन् थंडी वाजली त?" "वाकय घेईन." घरात जुन्या लुगड्यांची गोधडी असते ती वाकळ, पण चंदाच्या तोंडी ती वाकयच. बाईंनी आधीच्या खुणा खोडल्या. ट्रेनिंगला आम्हाला शुद्ध बोलायला शिकवलं होतं आणि मी ते इतकं मनावर घेतलं होतं, की माझ्या स्वतःच्या घरातली बोली मी त्या पोरीशी इतक्या महिन्यांत एकदाही बोललो नव्हतो. हे मला तिथं, परक्या गावात, परक्या बाईंसमोर कळलं.

पण म्हणून चंदा हुशार निघाली, असं झालं नाही. पुढचे बरेच प्रश्न तिला तिच्या बोलीतही आले नाहीत. दुपारी बाईंनी शिक्का मारलेला कागद माझ्या हातात दिला. जालन्याहून देऊळगावच्या गाडीत बसल्यावर गोदाबाई म्हणाल्या, "वाचा." चंदा त्यांच्या मांडीवर झोपली होती. मी ओळीवर बोट ठेवत वाचू लागलो. नाव, वय, ऐकणं ठीक, दृष्टी ठीक... मुलगी शिकण्याजोगी आहे, एका वेळी एकच गोष्ट सावकाश शिकवावी, घरकामाचं वळण लावावं, शाळेतून काढू नये. वाचून झाल्यावर मी कागदाची घडी केली.

"गुरुजी, तुमी एक ओळ गाळली."

मी दचकलो. त्यांना अक्षरओळख नव्हती. "कशावरून म्हणता?"

"तुमचं बोट थांबलं होतं अन् मंग पुढं गेलं."

घडी पुन्हा उघडली आणि ती ओळ वाचली. मुलीचं वय नऊ, परंतु बुद्धीची वाढ पाच वर्षांच्या मुलाइतकी. ती वयाबरोबर भरून येईल असं दिसत नाही. गोदाबाईंनी खिडकीकडं तोंड केलं. बाहेर तूर उभी होती, पिवळ्या फुलांवर आलेली. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "म्हन्जे पाच वर्साच्या लेकराले जे शिकवता ते तिले शिकवा. तुमी तिले नऊ वर्साचं समजून रागावत होते, अन् मीबी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. हेडमास्तर म्हणाले, यात तर मंदबुद्धीच लिहिलंय. गोदाबाई म्हणाल्या, "हाव, लिहिलंय. आखरीले काय लिहिलंय तेबी वाचा." शाळेतून काढू नये, हे त्यांना मोठ्यानं वाचावं लागलं. चंदाचं नाव हजेरीपटावर राहिलं.

पुढची चार वर्षं, माझी बदली होईपर्यंत, गोदाबाई शेतावरून परतताना वर्गाच्या खिडकीशी थांबत आणि विचारत, "आज काय एक शिकवलं?" मी सांगे. तेवढंच एक त्या घरी चंदाकडून करून घेत. चंदा स्वतःचं नाव लिहायला शिकली, वीसपर्यंत मोजायला शिकली. वजाबाकी तिला कधीच आली नाही. गर्दीत ती बिथरायची. बाजारात एकदा आईचा हात सोडून पळाली आणि दुपारभर सापडली नाही. त्या दिवशी गोदाबाईंनी तिला माझ्यादेखत मारलं आणि मग स्वतःच शाळेच्या पायरीवर बसून हमसून रडल्या. त्या काही संत नव्हत्या. हेडमास्तरांशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत, ते वारले तेव्हाही गेल्या नाहीत. पण माझी बदली झाल्यानंतर बीबी गावाकडची एक बाई आपली तशीच मुलगी घेऊन त्यांच्याकडं आली, तेव्हा तिच्याबरोबर औरंगाबादेपर्यंत गेल्या, आणि तपासणाऱ्या बाईंना त्यांनी दारातच सांगितलं म्हणे, "आमच्या बोलीत इचारा."

माझी चूक मात्र त्यांनी मला कधी ऐकवली नाही. मी एकदा स्वतःहून विषय काढला, तर म्हणाल्या, "तुमी आले ना संगं." एवढंच.

स्टँडवर ती बातमी कळल्यावर पुढच्या रविवारी मी गावी गेलो. किसनराव ओसरीवर बसले होते, एकदम म्हातारे झालेले. चहा चंदानं आणला. आता ती चोविशीची बाई आहे. घरचा सगळा स्वयंपाक तीच करते. चहा पिताना माझं लक्ष आतल्या भिंतीकडं गेलं. ओळीनं सात खिळे ठोकलेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चिंधी, आणि एका खिळ्यावर हिरवी बांगडी अडकवलेली. किसनराव म्हणाले, "हे चंदीच्या मायचंच काम. हिले वार समजावे म्हनून केलं. लाल चिंधी बाजाराची. रोज सकाळी चंदी बांगडी पुढच्या खिळ्यावर नेते." मग म्हणाले, "ती गेली त्या दिवशी घरात कोनाले कशाचं भान नव्हतं. चंदीनंबी बांगडीले हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उठली, अन् दोन खिळे पुढं नेली. कोनी सांगतलं नव्हतं तिले."

मी भिंतीकडं पाहत राहिलो. मी काय पाहतोय हे चंदाला कळलं असावं. ती माझ्या हातातला रिकामा कप घ्यायला वाकली आणि समजावून सांगावं तसं सावकाश म्हणाली, "आज आयतवार हाये, गुरुजी. शाया नाही."