बुबुळातला गंज

नंदनवन वस्तीत आमचं ग्रील-गेटचं वर्कशॉप आहे. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला की कारागीर दवाखान्यात जात नाहीत, माझ्याकडे येतात. काडीला कापूस गुंडाळायचा, पापणी उलटवायची, कण टिपायचा. माझा हात हलका, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या उजव्या डोळ्यात कण गेला. गॉगल कपाळावर होता. मी कण काढला, कापसावरचा काळा ठिपका दाखवला. तिसऱ्या दिवशीही डोळा लालच. डाव्या डोळ्याने त्यांना लहानपणापासून धूसर दिसतं. कामाचा डोळा हा एकच.

"चला दवाखान्यात."

"काहून घाई करून राहिली वं? कण तर तूच काढला."

"मले दिसला तेवढा काढला. उठा."

तिथे नंबर लवकर येईना. मी चारदा काउंटरवर जाऊन आले, दोनदा पाणी प्यायले, पंख्याचा वेग वाढवला.

"बस ना वं एका जागी," नवरा म्हणाला. "तुह्या फिरण्यानंच डोळा दुखून राहिला."

डॉक्टरबाईंनी मशीनमधून पाहिलं. "कण कोणी काढला?"

"मी."

"वरचा निघालाय. गंज बुबुळात राहिलाय, आणि काडीने खरचटलंय. बाहुलीला लागूनच. आजच काढावा लागेल."

बधिर करायचे थेंब घातले. मदतनीस बाई सुटीवर, म्हणून मागून डोकं धरायला मला उभं केलं. सुई डोळ्यापाशी आली.

"हलू नका."

"मी नाही हलून राहिलो, मॅडम. मागची हलवून राहिली."

मी कोपरं बरगड्यांना दाबून धरली आणि श्वास रोखला.

डोळ्यावर पट्टी बांधली. नजरेचं काय ते पट्टी सोडल्यावरच कळणार होतं. दोन दिवस ते भिंत चाचपत फिरले. मी घरातले तिन्ही माळे आवरले, मग पुन्हा आवरले.

पट्टी सुटली. तक्त्यावरच्या ओळी ते भराभर वाचत गेले आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"ही आधी वाचता यायची?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही जी. एवढंच दिसे."

"खोटं बोलताहेत," मी म्हणाले. "दिवाळीआधी चष्म्याच्या दुकानात शेवटची ओळ सटासट वाचली होती. काडी मीच जोरात फिरवली."

बाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं, बुबुळावरचा डाग किती फिकट होईल ते महिन्याभराने पाहू म्हणाल्या, आणि थेंबांची दुसरी बाटली दिली.


जिन्यात ते म्हणाले, "सांगायची काय गरज होती वं?"

"पायरी पाहा," मी म्हणाले आणि त्यांचा दंड धरला.