सतरा घरं, बारा सेंटिमीटर

तिसरं घर चिकटवलं आणि जागा संपली. प्रत्यक्षात रुळालगत घरं सतरा होती.

आमचं वर्कशॉप पीण्या या कारखान्यांच्या भागात. आम्ही रेल्वेची मॉडेल्स बनवतो. रूळ, स्टेशन, झाडं, माणसं असा सगळा देखावा टेबलावर उभा करायचा. त्याला लेआउट म्हणतात. हा लेआउट शहराच्या कडेच्या एका छोट्या स्टेशनचा होता. तिथल्या फाटकावर उड्डाणपूल होणार होता. नागरिकांच्या सभेत दाखवायला कन्सल्टंट कंपनीला मॉडेल हवं होतं. "हुबेहूब पाहिजे," त्यांचे मॅनेजर दोनदा म्हणाले.

मी आठवडाभर तिथं टेप घेऊन फिरले. मी निपाणीची, कन्नड येतं, त्यामुळे कामं सोपी होतात. फाटकाशी इडली विकणाऱ्या रत्नाक्कानं टेपचं दुसरं टोक धरलं. ओळीतलं तिसरं घर तिचं. "माझं दार हिरवं आहे हं, विसरलीस तर बघ," तिनं दम भरला.

आमचं प्रमाण १:८७. म्हणजे सगळं सत्त्याऐंशी पट लहान. त्या हिशेबानं सतरा घरांना अडुसष्ट सेंटिमीटर लागत होते. टेबलावर फाटक आणि प्लॅटफॉर्म यांच्यामध्ये माझ्याकडे होते बारा. अशा वेळी आमच्या कामात एक रीत आहे, कॉम्प्रेशन. ओळखीच्या खुणा जशाच्या तशा ठेवायच्या, बाकीचं आखडायचं. पंधरा डब्यांची गाडी पाच डब्यांची होते. कुणी तक्रार करत नाही.

"तीन पुरे," आमचे मालक शिंदे अण्णा म्हणाले. "वस्ती आहे एवढं कळलं की सरी, झालं."

मला पटलं. कुणी अर्धसत्य बोललं की भांडायला उठणारी मी. मला हे बिनबोभाट पटलं. मी हिरवं दार रंगवलं, निळं पिंप ठेवलं, खडीवर गंजाचा रंग मारला. शेवटी कडेला पितळी पाटी लावली: 'प्रत्यक्ष मोजमापांवर आधारित. प्रमाण १:८७.' ते वाक्य माझंच.

सभेत रत्नाक्कानं आपलं दार लगेच ओळखलं. शेजारच्या मंजुनाथला ओढून दाखवलं. तो वाकून बघत राहिला. "आणि माझं?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मॅनेजर माइकवर बोलू लागले. "पुलाच्या कामात फक्त तीन घरं जातील. मॉडेल समोर आहे. सगळं स्केलमध्ये आहे."

मी उभी राहिले. "सर, घरं सतरा आहेत."

"मॅडम, मॉडेल कुणी बनवलं?"

"मी."

"पाटी कुणी लावली?"

कुणीतरी हसलं. अण्णांनी माझी बाही ओढली. "स्वल्प गप्प बस गं. क्लायंट आहे तो."

मी कॉम्प्रेशन म्हणजे काय ते सांगू लागले. गाडीच्या डब्यांचं उदाहरण दिलं. माझं मलाच ते बहाण्यासारखं ऐकू आलं. माइक पुढे गेला.

पुढच्या तीन दिवसांत मी उरलेली चौदा घरं बनवली. मंजुनाथच्या छतावरचा फाटका फ्लेक्सही केला. खोक्यात भरून कंपनीच्या कोरमंगलाच्या ऑफिसात घेऊन गेले. मॅनेजरनी खोकं उघडलंसुद्धा नाही. "रिपोर्ट सबमिट झाला," ते म्हणाले. रिपोर्टमध्ये माझ्याच लेआउटचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'बाधित घरं: तीन.'

वस्तीतली माणसं अर्ज घेऊन फिरली. मी मोजमापांची वही जोडून दिली. सरकारी ऑफिसांतल्या प्रत्येक खिडकीवर रिपोर्टमधला तो फोटो पुढे आला. तीन कुटुंबांना दुसरीकडे खोल्या मिळाल्या. चौदांना सांगितलं गेलं, तुमची नोंद नाही. मग घरांची ओळ पाडली. सतराच्या सतरा.

रत्नाक्काला खोली मिळाली, पण तिथून फाटक फार लांब. इडलीचं काम बंद पडलं. मी भेटायला गेले तर तिनं बसायला सांगितलं नाही. मंजुनाथ कुठं गेला, विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुझ्या टेबलावर जागा नव्हती म्हणे?" तिनं विचारलं.

"नव्हती, अक्का."

आता मी प्रत्येक लेआउटवर काय गाळलं ते लिहून ठेवते. बहुतेक क्लायंट ती ओळ काढायला लावतात. पितळी पाटी मात्र सगळ्यांना हवी असते. ती नऊ सेंटिमीटरची आहे. तिच्यासाठी जागा काढताना मला कधीच अडचण आली नव्हती.