टर्बोचं बटण

धाकटी बहीण बोरी अरबला वारली, त्या दिवशी नेरला मला बस मिळाली नाही. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय आमच्यात बाईला उचलत नाहीत, आणि माहेरची मी एकटीच उरले होते. दिवस बुडायच्या आत तिला न्यायचं होतं. एका अनोळखी माणसाने गाडीत घेतलं.

गिअरजवळ त्याने एक गोल बटण बसवून घेतलं होतं. ते फिरवलं की टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडी पळते, असं त्यानेच सांगितलं. दर वेळी तो बटणाला शिवून हात कपाळाला लावायचा, मग केसभर फिरवून काट्याकडे बघत राहायचा.

"अजून फिरव," मी म्हटलं.

"नाही आजी, तिले एवढंच झेपते. याच्यापुढं इंजिन फुटते."

"मंग हे कायले लावलं? पोरींले दाखवाले?"

या वेळी हात कपाळाला न लावता त्याने बटण पुरतं फिरवलं. गाडी उसळली, मैलभर पळाली, मग धाडकन आवाज झाला आणि धूर निघाला.

मला वाटलं, शिव्या देईल. त्याने बोनेटही उघडलं नाही. रस्त्यात आडवं उभं राहून ट्रॅक्टर थांबवला आणि मला हात धरून चढवलं. "जा आजी, माहं पाहू नको."

मी पोचले तेव्हा चिता पेटली होती. सासरच्याच साडीत नेलं होतं तिला. वाटेत गाडीचं इंजिन फुटलं, एवढंच मी सांगितलं.

"मावशी, ड्रायव्हरच फालतू भेटला तुले," भाचा म्हणाला.

मी हो म्हटलं.